पत्ता हरवलेली भुतं

एका रिकाम्या खोलीचा फोटो आहे. भिंतींवर पिवळट वॉलपेपर, खाली जवळपास त्याच रंगाचा गालिचा, वर फॉल्स सीलिंग आणि त्यात बसवलेले ट्यूबलाइट. खिडकी नाही, खुर्ची नाही, माणूस नाही. मधल्या भिंती अर्ध्यावर थांबल्या आहेत, त्यामुळे एका खोलीतून दुसरी आणि दुसरीतून तिसरी दिसत राहते, पण बाहेर पडायचं दार म्हणावं असं काही सापडत नाही. कॅमेरा किंचित तिरका धरलेला आहे. फोटोत काहीच घडत नाही, तरी बघणारा अस्वस्थ होतो. मे २०१९ मध्ये ‘फोरचॅन’ या संकेतस्थळावर, बघताक्षणी काहीतरी बिनसल्यासारखं वाटावं अशा चित्रांच्या मालिकेत, कुणा निनावी माणसाने तो टाकला. दुसऱ्या निनावी माणसाने त्याला छोटीशी गोष्ट जोडली: वास्तवाच्या फटीतून चुकून पाय घसरला की माणूस इथे येऊन पडतो, आणि मग ओल्या गालिच्याचा वास, दिव्यांची गुणगुण आणि कोट्यवधी चौरस मैल पसरलेल्या रिकाम्या खोल्या एवढंच त्याच्या वाट्याला येतं. ‘बॅकरूम्स’ हे नाव तिथून जगभर गेलं. जानेवारी २०२२ मध्ये केन पार्सन्स या सोळा वर्षांच्या अमेरिकी मुलाने या खोल्यांवर एक चित्रफीत केली, ती कोट्यवधी लोकांनी पाहिली, आणि पुढच्याच वर्षी ‘ए ट्वेंटीफोर’ या निर्मितीसंस्थेने त्यावर चित्रपट करणार असल्याचं जाहीर केलं.

मे २०२४ मध्ये या खोलीचा ठावठिकाणा लागला. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश या गावी पूर्वी फर्निचरचं एक दुकान होतं. ती जागा छंदाचं साहित्य विकणाऱ्या ‘हॉबीटाउन’ने घेतली आणि रिमोटवर धावणाऱ्या मोटारींचा ट्रॅक तिथे बसवायचं ठरवलं. २००२ मध्ये दुरुस्तीचं काम चालू असताना कुणीतरी डिजिटल कॅमेऱ्याने जागेचे फोटो काढले आणि २००३ मध्ये ते दुकानाच्या वेबपानावर चढवले. त्यांतलाच हा एक. दुकान आवरायला घेतलं की कसं दिसतं, एवढंच त्यात आहे. इंटरनेटवरच्या अशा गाजलेल्या विचित्र गोष्टी एकेक करून उलगडत गेलं, की बहुतेकींच्या बुडाशी असंच काहीतरी साधं निघतं. मग भीती येते कुठून? या लेखाचं म्हणणं असं, की इंटरनेटवरची भयावह वस्तू स्वतः क्वचितच भयंकर असते. तिचा पत्ता हरवलेला असतो. ती कुठली, कुणाची, कशासाठी केलेली, हे गळून पडलं की रिकाम्या जागेत आपण भुतं भरतो. आणि हा पत्ता मुद्दाम कापून टाकला, तर त्या भुतांपायी खरी माणसं मरतात.

गावच्या भुताला ठिकाण असतं

आपल्याकडची भुतं या बाबतीत फार शिस्तीची. मुंजा पिंपळावर राहतो. मुंज झालेला, पण सोडमुंजीआधी गेलेला मुलगा तो. बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते आणि तिचा वावर विहिरीच्या, पाणवठ्याच्या आसपास असतो. गिऱ्हा पाण्यातला, चकवा रानवाटेवरचा, समंध आपल्या धनाला चिकटून बसलेला. वेताळ तर भुतांचा राजा. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला त्याचं वेतोबा म्हणून देऊळ आहे, आणि रात्री गावाची फेरी मारताना झिजतात म्हणून भक्त त्याला भल्यामोठ्या चपला वाहतात. म्हणजे भूत म्हटलं तरी त्याला घर, मरणाचं कारण, हद्द, वेळ आणि उतारा हे सगळं नेमलेलं असायचं. अमुक झाडाखालून तिन्हीसांजेला जाऊ नको, असं आजी सांगायची त्यात भीतीइतकीच सोयही होती, कारण उरलेलं सगळं गाव मोकळं राहायचं.

या समजुती लिहून ठेवल्या गेल्या तीही पत्त्यासकट. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचं नाव मराठी माणसाला अनंत कान्हेऱ्यांनी १९०९ मध्ये केलेल्या वधामुळे ठाऊक असतं. याच जॅक्सन यांनी मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींची माहिती प्रश्नावली पाठवून जमवली होती. त्यांच्यामागे आर. ई. एन्थोवेन यांनी ती संपादित केली आणि कोकणचा खंड १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची पानं चाळताना नजर तळटिपांवर अडते. अमुक भूत असं वागतं, या विधानाखाली ते कळवणाऱ्या शाळामास्तरचं गाव आणि जिल्हा छापलेला आहे. भूत खरं की खोटं हा प्रश्न बाजूला ठेवला तरी, हे कोण आणि कुठून सांगतंय याचा माग शंभर वर्षांनंतरही लागतो. इंटरनेटवर पाच मिनिटांपूर्वी आलेल्या चित्राबद्दल तेवढंही सांगता येत नाही.

पत्ता पुसतो कसा

याला कुणाचा दुष्टपणा लागत नाही. यंत्रणेची रीतच तशी आहे. डिजिटल कॅमेरा फोटो काढतो तेव्हा फाइलच्या पोटात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि सोय चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांशही लिहून ठेवतो. तो फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीसारखा पाठवला की जागा वाचवण्यासाठी त्याचा आकार कमी केला जातो आणि हा मजकूर गळतो. अँड्रॉइड फोनवर आलेल्या फोटोचं नाव बघावं: आधी ‘आयएमजी’, मग आठ आकडी तारीख, मग ‘डब्ल्यूए’ आणि एक क्रमांक. ती तारीख फोटो काढल्याची नसते, आपल्याला मिळाल्याची असते. म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा फोटो आज आला, तर फाइलच्या नावावरून तो आजचाच वाटतो. त्यात कुणी स्क्रीनशॉट काढला की मूळ मजकूर उरलासुरलाही जातो, कडा कातरल्या की दुकानाची पाटी जाते, आणि चौथ्या-पाचव्या हाताला पोहोचेपर्यंत चित्र उरतं, बाकी सगळं गेलेलं असतं. ऑशकॉशच्या दुकानाचं तेच झालं. दुकानाच्या पानावर असेपर्यंत तो नूतनीकरणाचा फोटो होता. त्या पानावरून सुटून एकटा निघाला आणि तो नरकाचा फोटो झाला.

काही गोष्टींना तर सुरुवातीपासूनच आपल्यासाठी असा पत्ता नसतो, कारण त्या आपल्यासाठी केलेल्याच नसतात. ‘वेबड्रायव्हर टॉर्सो’ नावाचं यूट्यूब चॅनेल २०१३ मध्ये सुरू झालं आणि काही महिन्यांत त्यावर हजारो चित्रफिती जमल्या. प्रत्येक साधारण अकरा सेकंदांची. पांढऱ्या पडद्यावर एक लाल आणि एक निळा आयत. दर सेकंदाला दोघे जागा आणि आकार बदलतात आणि त्याबरोबर एक स्वर वाजतो, कधी उंच, कधी खाली. कोपऱ्यात बारीक टंकात फाइलचं नाव आणि स्लाइडचा क्रमांक. दहा स्लाइड झाल्या की संपलं, पुढची चित्रफीत. दिवसरात्र, न थकता. हेरांचे सांकेतिक संदेश, परग्रहवासीयांशी संभाषण, असे तर्क झडले. २०१४ मध्ये गुगलने कबूल केलं, की चित्रफीत चढवल्यावर तिचा दर्जा टिकतो का हे तपासण्यासाठी यूट्यूबच चालवत असलेली ही चाचणी आहे. यंत्र यंत्राची परीक्षा घेत होतं, दार उघडं राहिलं म्हणून माणसांना ते दिसलं.

रशियातून ४६२५ किलोहर्ट्झवर होणारं लघुलहरी प्रक्षेपण याच जातीचं. मिनिटाला पंचवीसेक वेळा येणारी एक घोगरी घरघर, वर्षानुवर्षं चाललेली. मध्येच ती थांबते, एक माणूस रशियनमध्ये काही नावं आणि आकडे वाचतो, पुन्हा घरघर सुरू. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाने आपला रेडिओ-संच इंटरनेटला जोडून ठेवला आहे, त्यामुळे चिपळूणला बसून ती ऐकता येते. रशियन सरकारने या प्रक्षेपणाचा अधिकृत खुलासा केलेला नाही. अभ्यासकांचा कल लष्करी आदेशांसाठी अडवून ठेवलेली वाहिनी असा आहे, म्हणजे घरघरीने जागा धरून ठेवायची आणि गरज पडली की संदेश द्यायचा. ज्या सैनिकासाठी तो आवाज आहे, त्याच्या लेखी त्यात कसलं गूढ? अंगावर काटा येतो तो बोलावणं नसताना कान लावणाऱ्याच्या.

शोधणाऱ्यांची कारकुनी

पत्ता हरवल्याने भीती येत असेल, तर पत्ता लागल्यावर ती जायला हवी. याची परीक्षा २०२४ या एका वर्षात लागोपाठ झाली. १९८४ च्या सुमारास उत्तर जर्मनीतला एक मुलगा रेडिओवरची गाणी कॅसेटवर भरून घेत असे. ध्वनिमुद्रण स्वच्छ राहावं म्हणून निवेदकाचं बोलणं तो शक्यतो वगळायचा. त्या सवयीत एका गाण्याचं नाव आणि गायकांचं नाव कायमचं सुटलं. २००७ मध्ये त्याच्या बहिणीने गाण्याचा तुकडा इंटरनेटवर टाकून विचारलं, कुणाला ओळखू येतंय का? कुणालाच येईना. उदास आवाज, धड न कळणारे शब्द, आणि कुठेच नोंद नाही. ‘इंटरनेटवरचं सर्वांत गूढ गाणं’ अशी त्याची ख्याती झाली. बँडचे सगळे सभासद मेले असतील इथपासून हे गाणं दुसऱ्या जगातून आलं असेल इथपर्यंत लोक बोलू लागले.

शोध लागला तो मात्र अगदी कारकुनी पद्धतीने. हौशी मंडळींनी ध्वनीचा आलेख काढून त्यातल्या खुणांवरून प्रक्षेपण कुठल्या केंद्राचं असावं ते ताडलं, कॅसेट डेकचं मॉडेल कोणत्या वर्षी बाजारात आलं ते पाहिलं, रेडिओ केंद्राच्या जुन्या याद्या मागवल्या, शेकडो विसरलेल्या बँडच्या लोकांना पत्रं धाडली. अखेरीस स्थानिक बँडच्या स्पर्धेबद्दलची जुनी वृत्तपत्रं चाळताना एकाला कील शहरातल्या ‘फेक्स’ या बँडचं नाव दिसलं, त्याने एका सभासदाला गाठलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झालं की गाण्याचं नाव ‘सबवेज ऑफ युअर माइंड’. दुसऱ्या जगातून आलेले कलाकार जिवंत होते आणि आपल्या नावाने एवढा गोंधळ चालू असल्याचा त्यांना पत्ताही नव्हता. त्याआधी एप्रिलमध्ये असंच एक प्रकरण मिटलं होतं. २०२१ मध्ये कुणीतरी टाकलेला एका गाण्याचा सतरा सेकंदांचा खरखरीत तुकडा लोक जाहिरातींत आणि मालिकांत शोधत होते. तो सापडला १९८६ च्या एका अश्लील चित्रपटाच्या पार्श्वसंगीतात. गाणं बूथ आडनावाच्या दोघा जुळ्या भावांचं. याच भावांनी पुढे भुताखेतांवर माहितीपट काढले, हा योगायोग शोधकांना फार आवडला.

या कामाला संशोधन म्हणायला काही जण नाक मुरडतील. एका टुकार गाण्यापायी एवढे तास कशाला, असा सवाल रास्त वाटतो. पण काम कोणत्या प्रकारचं आहे ते पाहिलं तर त्याची किंमत कळते. ताम्रपट खरा की बनावट हे ठरवताना इतिहास संशोधक अक्षरांचं वळण, तिथी-वार-नक्षत्रांचा मेळ, दानपत्रातल्या गावांची नावं तपासतो. इथे लिपीच्या जागी ध्वनिलहरी आणि मोडी दफ्तरांच्या जागी ‘वेबॅक मशीन’ आहे. १९९६ पासून जगभरच्या वेबपानांच्या प्रती जपून ठेवणाऱ्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’चं हे दालन नसतं, तर ऑशकॉशचं पिवळं दुकानही सापडलं नसतं, कारण ते मूळ पान कधीच उतरलं होतं. जी शिस्त एरवी विद्यापीठात पगार घेऊन शिकवतात, ती हजारो पोरांनी हौसेपोटी आपसूक आत्मसात केली आहे.

मग मजा जाते का?

इथे एक आक्षेप निघतो. उकल झाली की गूढ मेलं, आणि गूढाशिवाय जग बेचव. तेव्हा शोधता कशाला? अनुभव उलट सांगतो. बॅकरूम्सचा ठिकाणा लागल्यावर लोकांचा रस आटला नाही. ऑशकॉशला त्या जागेबाहेर फोटो काढायला माणसं जाऊ लागली, आणि गोष्टी रचणं थांबलं नाही. ‘फेक्स’ला तर चाळीस वर्षांनी श्रोते मिळाले. रहस्यकथेचा शेवट कळला म्हणून बाबुराव अर्नाळकरांचे वाचक पुस्तकं टाकून पळाले नव्हते; ते पुढचं पुस्तक मागायला गेले. नाहीशी होते ती फक्त भाबडी धास्ती, आणि तिच्यावाचून कुणाचं काही अडत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. काही कोडी सुटतच नाहीत, त्यांचं काय? जानेवारी २०१२ मध्ये ‘सिकाडा ३३०१’ या सहीने एक चित्र निनावीपणे प्रसिद्ध झालं: आम्ही बुद्धिमान लोकांच्या शोधात आहोत, या चित्रात दडलेला संदेश काढा. तो काढणाऱ्यांना पुढचं कोडं मिळालं, त्यातून पुढचं, आणि एका टप्प्यावर निरनिराळ्या देशांतल्या शहरांत खांबांवर चिकटवलेल्या भित्तिपत्रकांपर्यंत पोहोचावं लागलं. २०१३ आणि २०१४ मध्ये पुन्हा फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत रून लिपीतलं एक पुस्तक निघालं, त्याची बहुतेक पानं आजही कुणाला वाचता आलेली नाहीत. मागे कोण होतं, हे सिद्ध झालेलं नाही. यावरून माझा मुद्दा पडतो का? मला तसं वाटत नाही. सिकाडाने पत्ता लपवला, पण खरेपणाची खूण जपली: प्रत्येक संदेशावर एकाच किल्लीची सांकेतिक सही असे, त्यामुळे नकली कोडी चटकन वेगळी काढता येत. ‘कोण’ हे कळलं नाही तरी ‘तोच का’ हे तपासता येत होतं. म्हणूनच सिकाडाचं कुतूहल वाटत राहिलं, दहशत बसली नाही. न सुटलेलं कोडं आणि उचलून आणलेलं भूत या दोन वेगळ्या चीजा आहेत.

नोंद असूनही न वाचलेली

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे, आणि तो रक्ताने लिहिलेला आहे. ‘स्लेंडर मॅन’चा पत्ता पहिल्या दिवसापासून उघड होता. १० जून २००९ रोजी ‘समथिंग ऑफुल’ या संकेतस्थळावर, साध्या फोटोंत संगणकावर भुतं घुसवायच्या स्पर्धेत, एरिक नुडसेन याने दोन कृष्णधवल चित्रं टाकली. खेळणारी मुलं आणि पाठीमागे काळा सूट घातलेली, चेहराच नसलेली एक अतिउंच आकृती. बनवणारा माहीत, दिवस माहीत, हेतू माहीत. तरी ३१ मे २०१४ रोजी विस्कॉन्सिनमधल्याच वॉकेशा गावात बारा वर्षांच्या दोन मुलींनी त्याला खूश करायचं म्हणून आपल्याच वयाच्या मैत्रिणीला जंगलात नेऊन चाकूचे एकोणीस वार केले. ती वाचली. मग पत्ता माहीत असून काय उपयोग झाला?

उत्तर दोन भागांत द्यावं लागतं. पहिला भाग असा, की न्यायालयापुढे या मुलींच्या मानसिक आजाराचा पुरावा आला आणि दोघींनाही तुरुंगाऐवजी मनोरुग्णालयात पाठवण्यात आलं. सगळं खापर चित्रावर फोडणं म्हणजे आजाराकडे डोळेझाक करणं. दुसरा भाग असा, की नोंद एका जागी पडून होती आणि चित्र हजार जागी फिरत होतं. पाच वर्षांत ‘स्लेंडर मॅन’च्या नावाने जुने लाकडातले ठसे, खोटी कात्रणं, बनावट दंतकथा इतक्या जमल्या, की बारा वर्षांच्या मुलीपर्यंत पोहोचेस्तोवर त्याला शतकांचा इतिहास चिकटला होता. हरवलेल्या पत्त्याच्या जागी खोटा पत्ता लागला की भूत अधिक खरं वाटतं.

‘मोमो’चं उदाहरण याहून शिकवणारं आहे. बटबटीत डोळे, कानापर्यंत ताणलेलं तोंड, विरळ काळे केस असा तो चेहरा. २०१८-१९ मध्ये तो मुलांना स्वतःला इजा करायला लावतो अशी हाकाटी जगभर उठली. भारतातही अनेक ठिकाणच्या पोलिसांनी पालकांना सावध केलं. पण तो चेहरा जपानी कलाकार केइसुके आइसो याने २०१६ मध्ये केलेल्या शिल्पाचा होता. टोकियोच्या एका कलादालनात ते मांडलं होतं, आणि बहुतेक चित्रांत कापून टाकलेल्या खालच्या भागात पक्ष्याचे पाय होते. बाळंतपणात मेलेल्या बाईच्या जपानी भुतावरून त्याला ते सुचलं. म्हणजे ती तिथली हडळच, आपल्या घरी, आपल्या कथेत बसलेली. गळ्याखाली कापून व्हॉट्सअ‍ॅपवर सोडली तेव्हा ती बिनगावची झाली. मूळ शिल्प तर सडलं म्हणून आइसोने आधीच फेकून दिलं होतं. ज्याला जग घाबरत होतं, ती वस्तू अस्तित्वात नव्हती.

२०१७ मधली ‘ब्लू व्हेल’ची धास्ती महाराष्ट्राला आठवत असेल. अंधेरीतल्या एका मुलाच्या मृत्यूशी या तथाकथित खेळाचं नाव जोडलं गेलं, वाहिन्यांनी उचलून धरलं, शाळांनी परिपत्रकं काढली, केंद्र सरकारने मोठ्या कंपन्यांना त्याच्या लिंक काढून टाकायला सांगितलं. पुढे तज्ज्ञांच्या समितीने संबंधितांची उपकरणं आणि संपर्क तपासले, आणि जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृह राज्यमंत्री हंसराज अहीर यांनी संसदेत सांगितलं, की एकाही मृत्यूत या खेळाचा सहभाग सिद्ध झाला नाही. धास्तीच्या बातम्यांनी पानं भरली होती, खुलाशाला कोपरा मिळाला. यात नुकसान कुणाचं झालं? घरात मूल गप्प का झालंय हे विचारण्याऐवजी पालक त्याच्या फोनमध्ये मासा शोधत बसले.

राईनपाड्याचा रविवार

हे सगळं पश्चिमेकडचं किंवा पोराटोरांचं खूळ म्हणून सोडून देता येईल, पण १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याच्या आठवडे बाजारात जे घडलं ते सोडता येत नाही. नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण भिक्षा मागत गावात आले होते. बहुतेक मूळचे सोलापूर जिल्ह्यातले. पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे संदेश आणि चित्रफिती आठवडाभर फोनवर येत होत्या. संशय आला, गर्दी जमली, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं गेलं. पोलीस पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मारतानाचीही चित्रफीत काढली गेली आणि तीही फिरली.

त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक नीट बघण्यासारखी आहे. रस्त्यावर मुलं खेळतायत, मोटारसायकलवर दोघे येतात, मागे बसलेला एका पोराला उचलतो आणि गाडी पळते. सीसीटीव्हीसारखं वरून दिसणारं, धूसर चित्र. मूळ चित्रफीत कराचीतल्या ‘रोशनी हेल्पलाइन’ या संस्थेने जनजागृतीसाठी केलेली जाहिरात होती. तिच्या शेवटी तीच मोटारसायकल परत येते, मुलाला खाली उतरवते, आणि मागचा माणूस फलक उघडून दाखवतो: मूल पळवायला क्षणच पुरतो, लक्ष ठेवा. ते शेवटचे काही सेकंद कुणीतरी कापले. पालकांना सावध करण्यासाठी केलेल्या जाहिरातीतून फलक आणि परतलेलं मूल गेलं, आणि उरलं फक्त अपहरण. या कापाकापीला तंत्रज्ञान म्हणून काहीच लागत नाही, फोनमधली दोन बोटांची सोय पुरते. बॅकरूम्सचा पत्ता काळाच्या ओघात गळला; इथे तो कात्रीने काढला. परिणामातला फरक माणसांच्या जिवाचा आहे.

यावर व्हॉट्सअ‍ॅपने केलेले उपाय पाहिले तर मुद्दा आणखी स्पष्ट होतो. जुलै २०१८ मध्ये पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण येऊ लागली, भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवायची मर्यादा आली, ती जानेवारी २०१९ मध्ये जगाला लागू झाली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं झालं. वेग कमी झाला, हे खरंच. पण ‘फॉरवर्डेड’ ही खूण फक्त एवढंच सांगते, की हे पाठवणाऱ्याचं नाही. मग कुणाचं, ते सांगत नाही. कुणी म्हणेल, प्रत्येक संदेशाचा माग ठेवला तर लोकांच्या खासगीपणाचं काय? ही भीती खोटी नाही. माग काढण्याचं हत्यार सरकारच्या हाती दिलं की ते अफवाबाजापुरतं राहील याची हमी कुणी देऊ शकत नाही. म्हणूनच पत्ता विचारायची सवय यंत्रात बसवण्यापेक्षा माणसांत बसणं बरं.

जिला पत्ताच नव्हता

एप्रिल २०२२ मध्ये स्वीडनमधल्या एका कलावतीने चित्रं बनवणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला उलटी आज्ञा दिली: मार्लन ब्रँडोच्या चित्रापासून जितकं दूर जाता येईल तितकं जा. यंत्राने एका शहराच्या आकृतीचं निरर्थक अक्षरांचं बोधचिन्ह दिलं. मग तिने त्या बोधचिन्हापासून दूर जायला सांगितलं, आणि आली एक वयस्कर बाई. गाल लाल, चट्टे उठल्यासारखे, डोळे खोल गेलेले, नजर थेट बघणाऱ्यावर. दुसऱ्या चित्रांत मिसळली तरी ती पुसली जाईना, आणि मिश्रणांत रक्त आणि जखमा दिसू लागल्या. कलावतीने तिला ‘लोआब’ म्हटलं आणि सप्टेंबरमध्ये जगाला दाखवलं. यंत्राच्या पोटात भूत सापडलं, अशा बातम्या झाल्या.

इथे माझा सगळा युक्तिवाद अडचणीत येतो असं वाटू शकेल. ही बाई कुठेच राहत नाही, तिचा फोटो कुणी काढलेला नाही. जिला पत्ता कधी नव्हताच, तो शोधायचा कसा? पण प्रश्न थोडा वळवला की वाट दिसते. असं यंत्र असंख्य चित्रांतून साम्यं शिकतं आणि सारखी चित्रं आपल्या गणिती नकाशात जवळजवळ मांडतं. उलटी आज्ञा म्हणजे त्या नकाशाच्या दूरच्या कोपऱ्यात ढकलणं, आणि तिथे एखादा चेहरा ठळक असेल तर तो मिश्रणातही वर येत राहणार. तो चेहरा कुठे राहतो याला अर्थ नसला, तरी कोणतं यंत्र, कोणती आज्ञा, कुणी दाखवलं, किती चित्रांतून निवडून, हे विचारता येतं. आणि या प्रकरणात कोणतं सॉफ्टवेअर वापरलं ते कलावतीने सांगितलं नाही, त्यामुळे इतरांना तोच प्रयोग करून बघता आला नाही. लोआबच्या दहशतीतला मोठा वाटा या न सांगण्याचा आहे.

इथून पुढे आपल्या फोनवर येणाऱ्या चित्रांपैकी अनेकांना ‘कुठला’ हा प्रश्न लागू पडणार नाही. तेव्हा ‘कुणी पाठवलं आणि कशासाठी’ हा प्रश्न अधिक जोर लावून विचारावा लागेल. महाराष्ट्राला ही रीत नवी नाही. घरात आपोआप कपडे पेटतात, अन्नात खडे पडतात अशा भानामतीच्या तक्रारी आल्या, की अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते भूत आहे की नाही यावर वाद घालत बसत नाहीत. ते त्या घरी जातात, प्रत्येक प्रकार घडला तेव्हा कोण कुठे होतं हे विचारत जातात, आणि बहुधा घरातल्याच एखाद्या गांजलेल्या जिवाचा हात सापडतो. त्याचं नाव चव्हाट्यावर न आणता त्याच्याशी बोललं की प्रकार थांबतात. या पद्धतीत दोन गोष्टी एकत्र आहेत, माग काढण्याची चिकाटी आणि सापडलेल्या माणसाला न ठेचण्याची माणुसकी. राईनपाड्यात दोन्ही नव्हत्या, आणि इंटरनेटवरच्या पुष्कळ उत्साही शोधकांकडे पहिली असली तरी दुसरी नेहमीच असते असं नाही.

भीतीची हौस माणसाला आहे आणि राहील. तिने रात्री जागवावं, गोष्टी रचायला लावावं, यात काही वावगं नाही. अट एकच हवी. फोनवर आलेल्या भुताला पुढे पाठवण्याआधी त्याचं गाव विचारावं, आणि गाव सांगता येत नसेल तर त्याच्या नावाने कुणावरही हात उचलू नये. एन्थोवेनच्या ग्रंथाला माहिती पुरवणाऱ्या कोकणातल्या शाळामास्तरांनी भुतांबद्दल लिहितानाही आपलं गाव नोंदवलं होतं. त्यांच्याहून कितीतरी वेगवान साधनं हातात असलेल्या आपल्याला तेवढं जमायला हरकत नाही.